उसना विस्तव

जमीनदार लॉर्ड ड्रमगॅननने मेंढ्यांच्या कुरणासाठी आमचे गाव उठवले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या न विझलेल्या चुलींवर त्याच्या माणसांनी पाणी ओतले. वेशीबाहेरचे आमचे घर तेवढे वाचले. उठवलेली कितीतरी माणसे त्या हिवाळ्यात उघड्यावर गारठून मेली, आणि तेव्हापासून लॉर्डच्या हवेलीतला विस्तव ऊब देईना. ज्वाळा उठत, हात मात्र गारच राहत.

एका दुपारी तो स्वतः आमच्या दारी आला. हवेलीत त्याची चिमुरडी ऑनर थंडीने निळी पडली होती.

"या, सरकार," आई म्हणाली. "आज पाणी आणायला विसरलात वाटतं?"

"ब्रिजिडबाई, एक निखारा द्या. पोर जाईल हो माझी."

आईने मडक्यात निखारे भरून माझ्या हाती दिले. "पोरीसाठी देतेय. तुमच्यासाठी नाही."

हवेलीत ऑनरच्या खोलीत, भिंतीतल्या शेगडीत मी तो विस्तव पेटवला. समोर गालिच्यावर बसवलेल्या तिच्या गालांवर हळूहळू रंग चढला. मागे उभ्या लॉर्डच्या आणि माझ्या तोंडातून मात्र वाफा निघत होत्या. ऊब मध्येच कुठेतरी अडत होती.

ऑनर कुणाकडे तरी पाहून हसली आणि बाजूला सरकली. मग आणखी सरकली.

लॉर्ड पुढे झाला, तशी ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही नका ना येऊ. आता जागाच नाही उरली."