बेसनाचा चंद्र

संत तुकाराम नगरातल्या आर्यभटांवरच्या छोट्याशा संग्रहालयात मिनल सहा वर्षं माहिती सांगत होती. तीन महिन्यांपूर्वी कशफ आली आणि शाळा फोनवरच विचारू लागल्या, "कशफमॅडम आहेत ना?" मिनलचा जळफळाट व्हायचा. आज काळेवाडीची शाळा यायच्या आधी तिनं ग्रहणाच्या मॉडेलमधला लाकडी चंद्र पर्समध्ये लपवला. बघू, आता ग्रहण कसं रंगवून सांगते! रिकामी तार पाहून कशफ गांगरली, आत धावली आणि बेसनाचा लाडू घेऊन आली. दिव्यासमोर लाडू धरताच पृथ्वीगोलावर सावली पडली. "राहू सूर्याला गिळत नाही. ही नुसती सावली, असं आर्यभट सांगून गेले." पोरांनी टाळ्या पिटल्या. सहा वर्षांत मिनलला एकही टाळी मिळाली नव्हती. शाळा गेल्यावर कशफ ओशाळून तिच्यापाशी आली. "ताई, तुमच्या डब्यातला लाडू न विचारता घेतला. रागावला नाहीत ना?" मिनलला मान उचलवेना.