दुसऱ्या खेपेचा आवाज

“वायरीनं आवाज सुधरत असता, तर शाळेची घंटा म्या सोन्याच्या साखळीले टांगली असती,” असं म्हणत अश्वजित कपाटामागे शिरला.

प्रसेनजितला हसू आलं नाही. वाशिमहून इंझोरीपर्यंत मोटारसायकलवर त्याने ती जाडजूड, कापडी विणीची केबल पोटाशी धरून आणली होती. म्युझिक सिस्टीम तर त्याने आधीच घरी आणून कपाटावर बसवली होती, बाबांसाठी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाबांना, उकंडरावांना, लकवा मारला. हातपाय हळूहळू हलू लागले, पण तोंडातून शब्द फुटेना. जयंतीच्या दिवसांत गायन पार्टी घेऊन गावोगाव फिरलेला माणूस आता तहान लागली तरी पेल्याकडे नुसता बघत राहायचा. ‘गाणी ऐकवत राहा,’ असं डॉक्टर म्हणाले होते. प्रसेनजितने त्यांच्याच पार्टीची जुनी कॅसेट शोधून काढली, त्यातलं एक गाणं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं. ते बाबांना लख्ख ऐकू यावं, एवढंच त्याला हवं होतं. साध्या वायरीत आवाज दबतो, असं त्याच्या वाचनात आलं होतं. अश्वजित त्याचा लहानपणचा दोस्त, मानोऱ्याला विज्ञान शिकवणारा. त्याला हे काही केल्या पटत नव्हतं.

शेवटी दोघांनी भागिरथाबाईंना पंच केलं. त्या नवऱ्याच्या खाटेजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पाठ सिस्टीमकडे, तोंड खाटेकडे.

“माय, मांगं पाहू नको. एकच गानं दोन खेपा लागन. कोन्त्या खेपेले चांगलं वाटलं, तेवढं सांग,” प्रसेनजित म्हणाला.

“मले काय समजते त्यातलं?”

“तुले काई समजत नाही, म्हनूनच तुले इचारून राह्यलो,” अश्वजित कपाटामागून ओरडला. “अन् तू बे, तू बी बाहेर पाह्य. नाही तं डोळ्यानं ऐकशीन.”

प्रसेनजित दारात जाऊन अंगणाकडे तोंड करून उभा राहिला. गाणं लागलं. ढोलकी, टाळ्या, आणि बाबांचा तो खडा आवाज, पोरांना पाटी धरायला सांगणारा. घर भरून गेलं. गाणं संपलं. मागे थोडी खुडबुड झाली आणि तेच गाणं पुन्हा लागलं. प्रसेनजित जीव कानात आणून ऐकत होता. आपल्याला फरक कळतो की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

गाणं थांबलं. तो वळला. “हं माय? पयले की आता?”

भागिरथाबाईंचे हात शेंगांवरच थांबले होते. “आता,” त्या म्हणाल्या.

“पक्कं?”

“पक्कं. आता लय चांगलं वाटलं. गान्याच्या मांगून आनखी कोनी म्हनून राह्यलं असं वाटे.”

“पाह्य!” प्रसेनजितने टाळी वाजवली. “मांगचे आवाज मोकळे होतात, हेच तं मी सांगत होतो तुले!”

अश्वजित कपाटामागून बाहेर आला. त्याच्या हातात ती जाड केबल होती, गुंडाळी न सोडलेली. “म्या वायर बदललीच नाही बे,” तो म्हणाला. “दोन्ही खेपा साधीच होती.”

प्रसेनजितचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायला म्हणून तो आईकडे वळला, तर आईचे डोळे भरलेले.

“वायरीचं मले नाही समजत बापा,” त्या म्हणाल्या. “तुये बाबा गानं म्हनत होते.”

उकंडराव छताकडे पाहत पडले होते.

“पयल्या खेपेले नुसते ओठ हालले. मले वाटलं, भास झाला. दुसऱ्या खेपेले गळ्यातून आवाज आला. बारीक. तुमी दोघं मांगं होते, तुमाले काहून ऐकू येईन?” मग त्या अश्वजितकडे वळल्या. “एकच खेप लावून बंद केलं असतं, तं तोंड उघडेपर्यंत गानं सपलं असतं. बरं झालं तुमी भांडले. भांडत जा बाबू, रोज येऊन भांडत जा.”

अश्वजितने मान खाली घातली. “मी तं याची गंमत करून राह्यलो होतो काकू,” तो पुटपुटला. प्रसेनजितने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग तिघेही खाटेभोवती बसले. प्रसेनजितने मोबाइलवर बोट ठेवलं. ढोलकी सुरू झाली. उकंडरावांची नजर छतावरून खाली आली, एकेकावर थांबत गेली. पहिलं कडवं तसंच गेलं. प्रसेनजितला वाटलं, आता नाही. दुसऱ्या कडव्याला ओठ हलले. गाणं धृपदाशी आलं आणि त्यांच्या गळ्यातून एक खरखरीत सूर निघाला, तुटला, पुन्हा सापडला. त्या सुरात एक शब्द होता.

“पा... टी.”

प्रसेनजितला रडू फुटलं. काय करावं ते न सुचून त्याचा हात आवाज वाढवायला बटणाकडे गेला.

भागिरथाबाईंनी त्याचं मनगट धरलं. “वाढवू नको. कमी कर.”

त्याने आवाज कमी केला. स्पीकरमधला तरणा उकंडराव मागे सरला.

“अजून,” त्या म्हणाल्या. “अजून कमी कर.”