चार नंबरचा हुरडा

समितीनं चाचणीच्या वावरातली नऊ कणसं भाजून खाल्ली. असं काही घडलेलंच नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. अहवालातही तसंच आहे, आणि अहवालावर दोघांच्या सह्या आहेत.

जे घडलं नाही ते असं घडलं.

जानेवारीतली सकाळ. शेंद्र्याच्या पुढं, कारखान्यांच्या कुंपणाला लागून, एका संशोधन संस्थेचं अर्ध्या एकराचं वावर. अश्लेषा तिथं ज्वारीच्या दोन ओळींमधे गुडघ्यांवर बसली होती. समोर मातीवर पालथा घातलेला डबा, हातात सुई. युरिया टाकला की मातीतले जंतू त्यातला बराचसा फस्त करतात आणि एक वायू सोडतात. दवाखान्यात हाच वायू हुंगून माणसं हसतात. आभाळात गेला की तो कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट तापवतो. तिथं कुणी हसत नाही. ज्वारीच्या मुळांतून एक चिकट रस पाझरतो, त्यानं हे जंतू सुस्तावतात. अश्लेषानं ज्वारीच्या जनुकांत बारीकशी कात्री चालवून तो रस वाढवला होता. तीन वर्षं ती डब्यातली हवा ओढून मोजत होती, आणि चार नंबरच्या वाफ्यातला वायू निम्म्यावर आला होता.

अट एकच होती. मंजुरी मिळेपर्यंत यातला दाणाही कुणाच्या पोटात जाता कामा नये. गेला, तर चाचणी बंद आणि बियाण्यासकट सगळं जाळून टाकायचं. म्हणून प्रत्येक कणसावर नंबर घातलेली कागदी पिशवी. एकूण चारशे ऐंशी. तपासायला त्याच दिवशी समिती यायची होती.

डबा पालथा घातला की अर्धा तास हलायचं नाही, दर दहा मिनिटांनी सुई. मधेच उठलं तर नमुना वाया. पाचव्या मिनिटाला तिला गोवऱ्यांचा धूर दिसला. वावर राखणाऱ्या द्वारकाबाई शेकत असतील, असं तिनं ठरवलं. पंधराव्या मिनिटाला जीप थांबल्याचा आवाज आला. पंचविसाव्या मिनिटाला वास आला, आणि तो वास शेकण्याचा नव्हता.

तिसावं मिनिट संपवून ती धावत बांधावर गेली. समितीचे अध्यक्ष केशवराव सतरंजीवर मांडी घालून बसले होते. शेजारी सदस्य तनुजा मॅडम. मांडीवर नियमांची फाइल, फाइलवर जवसाची चटणी. द्वारकाबाई आगटीतलं गरम कणीस तळव्यांत चोळत होत्या आणि फुंकर मारून दाणे वाढत होत्या.

"द्वारकाबाई, हा हुरडा कुठला?"

"आपलाच की. चार नंबरचा."

कडेनं साधी मालदांडी ज्वारी लावलेली होती, ती का नाही घेतली, असं विचारल्यावर द्वारकाबाईंनी तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की एवढं शिकून हेही कळू नये. "मालदांडीवर मावा पडलाय. पाव्हण्याला मावा पडलेलं घालू व्हय?" पिशव्या मात्र त्यांनी फेकल्या नव्हत्या. सहाच्या सहा घडी करून दगडाखाली ठेवल्या होत्या, नंबर वर करून.

केशवरावांचा जबडा थांबला. थुंकावं तर पुरावा, गिळावं तर गुन्हा. तीन वर्षांचं संशोधन तोंडात धरून ते थोडा वेळ बसून राहिले. मग गिळलं.

तनुजा मॅडमनी चटणी बाजूला ठेवून नियम उघडले. समितीनंच खाल्लं तर काय, हे कुठं दिलेलं नव्हतं. जनावरानं खाल्लं तर मात्र दिलं होतं: आठ दिवस वावरातच खुंट्याला बांधावं, चारापाणी जागेवर द्यावं, शेण गोळा करून जाळावं. शेवटचं वाक्य त्यांनी मनात वाचलं असतं तर बरं झालं असतं. केशवरावांनी एकदा खुंटा कुठं आहे ते पाहून घेतलं.

अश्लेषानं मनात हिशेब केला. जाळायचं ते बियाणं लोणच्याच्या एका बरणीत मावत होतं.

"तुम्ही खाऊन पाहिलंय का कधी?" केशवरावांनी विचारलं.

"नाही सर. परवानगी नाही."

म्हणजे गोड आहे का तुरट, हेही माहीत नाही? नाही सर. जनुकाचं अक्षर न् अक्षर तिला पाठ होतं, एवढंच माहीत नव्हतं.

"तीन वर्सं जमिनीला सुया टोचतेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्या म्हणलं, पेरणारा पहिलं इचारंल हुरडा कसा लागतो. हसायचा वारा कमी झाला म्हणून कोण पेरतंय?"

 केशवराव पद्धतीचे पक्के. तुलनेशिवाय चव ठरत नाही, असं त्यांचं मत पडलं. मग मावा झटकून मालदांडी भाजली, चार नंबरची आणखी दोन कणसं भाजली, आणि समितीनं डोळे मिटून दोन्ही खाल्लं. केशवराव म्हणाले, हा जास्त गोड. तनुजा मॅडम म्हणाल्या, गोड आहे, पण मागं काहीतरी राहतं, ते काय ते कळत नाही. एकमत होईना. दोघांनी अश्लेषाकडं पाहिलं.

द्वारकाबाईंनी तिच्या तळव्यावर दाणे ओतले. चटका बसला तरी तिनं हात काढला नाही. बराच वेळ ती त्या हिरव्या दाण्यांकडं बघत राहिली. मग तोंडात टाकले, सावकाश चावले.

"काय?" केशवराव पुढं सरकले.

"आणखी एक कणीस लागेल," ती म्हणाली. "नमुना अपुरा आहे."

दुपारी तपासणी झाली. नियमात पिशव्या मोजाव्यात असं होतं; पिशव्या चारशे ऐंशी भरल्या. चाचणी चालू ठेवण्यास हरकत नाही, असं तनुजा मॅडमनी लिहिलं, सही केली आणि कागद पुढं सरकवला. केशवरावांनी बोटं रुमालाला पुसली, सही केली, आणि खाली उरलेल्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहिलं:

"सबब, तपासणीच्या विहित नमुन्यात 'चव' हा रकाना नव्याने समाविष्ट करण्यात यावा, आणि तो भरताना समितीने काहीही खाल्लेले नाही असे गृहीत धरण्यात यावे, ही विनंती."