लाडवांची पारख

“वास घे, नंदू. नीट वास घेऊन सांग, लाडू खवट झालेत का,” गुरुनाथ फोनवर म्हणाले.

सोफ्यावर आडवी पडलेली पद्मजा हसू दाबत होती. तिला नववा महिना लागला होता आणि रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी फार उठबस करायला मनाई केली होती. आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला वडील आले होते, पुण्याहून डिंक, खारीक आणि अळीव बांधून घेऊन. टॅला या आयरिश उपनगरातल्या तिच्या छोट्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी स्वतः डिंकाचे लाडू वळले होते. फोनवरची सांकेतिक भाषा त्यातूनच निघाली.

लाडू म्हणजे तोफगोळे, आणि पिशवी म्हणजे गोळा उडवणाऱ्या दारूची. कारगिलचं युद्ध जोरात होतं, गोळे संपत आले होते आणि मिळतील त्या देशातून विकत घेणं चाललं होतं. गुरुनाथांची सगळी नोकरी दारूगोळा तपासण्यात गेली होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेला नंदकुमार आता युरोपातल्या कुठल्याशा कोठारात उभा राहून परदेशी व्यापाऱ्याचा माल बघत होता, आणि अडलं की साहेबांना फोन करत होता.

“पिशवीवर पिवळे डाग? आणि वास बॅटरीतल्या अ‍ॅसिडसारखा? मग नको. एकही घेऊ नकोस.”

नंदकुमारचा आवाज पद्मजालाही ऐकू आला. “साहेब, तिकडे पंगत बसलीय. पानं रिकामी आहेत.”

“राहू देत रिकामी. हे लाडू वाढणाऱ्याच्याच हातात फुटतील. दुसरा व्यापारी बघ.”

त्यांनी फोन ठेवला. पद्मजाचं हसू मावळलं होतं.

“बाबा, त्या पंगतीत दादा आहे.”

अभिजित, तिचा मोठा भाऊ, तोफखान्यात मेजर होता. त्याची तुकडी द्रासला होती.

“माहीत आहे मला.”

“मग? गोळेच नसतील तर तो काय दगड मारणार? निवृत्त झालात तरी तुमचा इन्स्पेक्टर काही निवृत्त होत नाही.”

“तोफेच्या नळीत गोळा फुटला तर शत्रूला काही होत नाही, पद्मा. आपलीच पोरं जातात.” मग त्यांनी विचारलं, “चहा टाकू? आलं घालून?”

ती रुसली, पण चहा प्यायली.

रविवारी पुण्याहून नंदकुमारचा पहिला फोन आला, तेव्हापासून घराला एक लय आली होती. त्या दिवशी बराच वेळ नुसतं ऐकून गुरुनाथांनी फोन ठेवला होता. “नंदू परदेशी चाललाय, लाडू आणायला. पारख मला विचारणार आहे,” एवढं सांगून ते पुन्हा आंघोळीला गेले होते.

“अहो बाबा, इथल्या गारठ्यात दोनदा?”

“तुमच्याकडे गरम पाणी नळाला येतं. घेतो मजा.”

देवापुढे दिवा लावायचं काम त्यांनी जावयाकडे दिलं. वाकलं की कंबर धरते म्हणाले. विवेक सिटीवेस्टच्या ऑफिसातून आला की हातपाय धुऊन मुकाट्याने दिवा लावायचा. घरातला लॅपटॉपही त्याने ऑफिसात नेऊन ठेवला होता. युद्धाच्या बातम्या वाचल्या की हिचा रक्तदाब चढतो, असं नर्सचंच मत होतं.

“नर्सला काय विचारता?” पद्मजा म्हणायची. “एकशे साठ असला तरी ती ‘ग्रँड’च म्हणते, म्हणजे एकदम झकास.”

पण खरं तर तिला सुख लागलं होतं. संध्याकाळ रात्री दहापर्यंत रेंगाळायची. मागच्या अंगणात गुरुनाथांनी पेरलेली मेथी उगवून आली होती. ते तिच्या पायांना तेल चोळत आणि अभिजितच्या लहानपणच्या गोष्टी सांगत. त्याने दिवाळीत भुईनळ्यात पाणी ओतून पाहिलं होतं, ते सांगताना तर ते स्वतःच इतके हसले की डोळे पुसावे लागले.

“दाढी करा हो बाबा, बाळ घाबरेल.”

“इथे कोण बघतंय मला?”

दोन दिवसांनी फोन वाजला. गुरुनाथ उभे राहूनच बोलले.

“डाग नाहीत? वास? एक पिशवी पेटवून बघितलीस? कशी जळली?” ते डोळे मिटून ऐकत राहिले. “घे. असतील तेवढे सगळे घे. आजच विमानात चढव.”

पद्मजाने टाळ्या वाजवल्या. “आता खाऊ दे दादाला पोटभर!”

त्यांनी तिच्या हातावर एक डिंकाचा लाडू ठेवला.

पुढच्याच आठवड्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. नर्स येऊन रक्तदाब बघून गेली, तो खाली आला होता. या वेळी ‘ग्रँड’ ऐकून गुरुनाथांनी तिला तो आकडा पुन्हा सांगायला लावला.

त्याच दुपारी नंदकुमार आला. भारतात परतण्याआधी वाट वाकडी करून, बाळाला बघायला. डोक्यावर लोकरी टोपी होती.

“पोचले गं लाडू,” तो म्हणाला. “तोफा रात्रंदिवस बोलताहेत.”

“दादाच्या तुकडीला मिळाले ना?”

“पहिल्याच खेपेत.”

“मग त्याला कळवा, तो मामा झाला म्हणून! वहिनीचा फोनच लागत नाही आमच्याकडून.”

बाळाकडे वाकताना नंदकुमारने टोपी काढली. पद्मजाला हसूच आलं. “काका, हे काय? गोटा? तिरुपतीला जाऊन आलात की काय?”

त्याने गुरुनाथांकडे पाहिलं. गुरुनाथांनी पुढे होऊन तिच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि विवेककडे दिलं. मग ते तिच्याजवळ बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

“आता सांग तिला, नंदू.”

“साहेब तुला सोडून येणार नाहीत म्हणाले, पद्मा,” नंदकुमार म्हणाला. “अभिजितला अग्नी मी दिला. तिथूनच लाडू आणायला विमानतळावर गेलो.”