पायपुसणं

बायको गेल्याचं रंगाऱ्याला कळलं, तेव्हा तो दुसऱ्याच्या भिंतीला रंग देत होता. घरातल्या जिन्याच्या कुजक्या पायरीवरून ती कोसळली होती. महिन्याने वस्तीच्या सभागृहात घरदुरुस्तीच्या सरकारी कर्जावर वाद पेटला. “पाहणीत घरं ठणठणीत निघालीत, मग कर्ज कशाला?” कर्जयोजनेचे साहेब म्हणाले. “भाऊजी, उठा, पायरीचं सांगा,” शेजारणीने ढोसलं. तो उठला. पाहणीवाला येणार म्हणून बायकोने त्या पायरीवर नवंकोरं पायपुसणं अंथरलं होतं. “परक्यासमोर शोभा नको व्हायला,” म्हणाली होती. पायपुसणं मळेल म्हणून तो भला माणूस ते ओलांडून गेला, ‘जिना उत्तम’ लिहून मोकळा झाला. पुढे एकदा घाईत तिचाच पाय त्यावर पडला. “बोला काका,” साहेब म्हणाले. चारचौघांत तिचं हसं होईल, या धाकाने जीभ रेटेना. तो खाली बसला. योजना बारगळली. पायरी अजून तशीच आहे.