अजून आहात ना?

हेंद्राला एक बिनपगारी नाद होता. सगळ्यांना खुले असलेले फुकट प्रोग्राम एका बड्या कंपनीच्या कुलूपबंद सिस्टिमवर चालते करून द्यायचे. आज असाच नाद असलेल्यांच्या त्याच्या मंडळाची दरवर्षीची मेल आली होती. "अजून आहात ना? उत्तर आलं नाही, तर तुमचे एकोणीस प्रोग्राम बेवारस ठरवू."

त्याची बायको वुलान वाचत बसली. नणंदेनं दारातून हाक मारली, "वहिनी, चल की! दादाला जाऊन आज चाळीस दिवस झाले, दुवेला सगळी गल्ली जमलीय, भात निवतोय."

"आले."

वुलाननं त्याच्या नावानं एवढंच लिहिलं, "आहे."

लगेच उत्तर आलं. "बरं झालं. कंपनीनं न सांगता सिस्टिमचा आतला गाभाच बदललाय. एकोणीसच्या एकोणीस बंद पडलेत. आता ते पहिल्यापासून तुम्हालाच उभे करावे लागतील."