द्वारकाबाईंचा आवाज
घशाच्या ऑपरेशननंतर द्वारकाबाई गळ्यात बसवलेल्या यंत्रातून स्वतःच्याच जुन्या आवाजात बोलत असत. काल कंपनीनं यंत्रातलं लिनक्स, म्हणजे ते चालवणारी प्रणाली, अपग्रेड केलं आणि त्या कितीही संतापल्या तरी त्यातून परक्या बाईचा लाडिक आवाज येऊ लागला.

लेक रेवतीनं यंत्र लॅपटॉपला जोडलं. सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा प्रोग्राम, पॅकेज मॅनेजर, अपग्रेडच्या अर्ध्यावरच अडकला होता आणि त्यानं आईचा आवाज 'अनावश्यक' ठरवून काढून टाकला होता. रेवतीच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं तो प्रोग्राम दुरुस्त केला, बॅकअपमधला आवाज परत बसवला आणि कंपनीला फोन लावला.

"आता चालतंय ना? मग तक्रार मिटवतो," तिकडचा माणूस म्हणाला.

द्वारकाबाईंनी फोन ओढून घेतला. "मिटवू नका," त्या आपल्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. "आता कुठे मला भांडता येतंय."